किमान आठ अक्षरं

राउटर ग्रामपंचायतीच्या गोदरेज कपाटावर,
जन्ममृत्यूच्या जुन्या रजिस्टरांना टेकून,
त्याच्या उबेला पालीची दोन अंडी.
तालुक्याहून पत्र आलं: नेटवर्क खुलं ठेवू नये.
सही, शिक्का, जावक क्रमांक.
माझं चार महिन्यांचं मानधन मात्र
त्या पत्रासोबत निघायचं राहून गेलं.

आत शिरायचं नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.
कुलूप आहे, किल्ली कडीलाच बांधलेली.
पान उघडलं. सुरक्षा: नाही.
खाली कुलपांची यादी, जुनी आधी, नवी मागून,
पहिल्यासमोरच लिहिलेलं, वापरू नका.

आमची च-ची भाषा आठवली.
रोवणीच्या बांधीत मी आणि मामेबहीण,
चरीघ चेय, चातभ चेद,
कोणालाच कळत नाही या तोऱ्यात.
तिसऱ्या दिवशी मामी दारातून ओरडली,
चेणश चाढाक!
आणि आम्ही दोघी निमूट गोठ्यात.

मी यादीतलं शेवटचं कुलूप निवडलं.
त्याआधी पाहून घेतलं, कोण कोण जोडलेलं असतं.
सोसायटीच्या ओट्यावरची पोरं,
फोनांची नावं किंग, डॉन, डॉन दोन.
प्राथमिकचे गुरुजी.
आणि एक बिननावाचा,
नुसती बारा आकड्या-अक्षरांची ओळख,
रोज रात्री सव्वानऊ ते साडेनऊ.

जतन करा. दिवा तांबडा, मग पिवळा,
मग बराच वेळ काहीच नाही.
सरपंच दुधरामभाऊ म्हणाले, "मेला का जी?"
म्हटलं, थांबा. आठवतो आहे तो.

त्या रात्री घरपट्टीच्या नोंदी संपेनात, मी थांबले.
सव्वानऊला करंजाखाली भागरताबाई.
फोन आधी उंच धरला, मग तळहातावर आपटला,
पूर्वी रेडिओ आपटायचे तसा.
"बिघडला वाट्टे. हिवराज मोरबीले असते,
टाइलच्या कंपनीत. पाळी सुटली का दिसते मले."

ती काही मागत नव्हती.
मागायची गोष्ट आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"पाठ असलेला एखादा नंबर सांगा, बाई."
फोनचा? तो पुतणीनं घालून दिलेला.
आधारचा? पेटीत.
"बिडीच्या कार्डाचा सांगू का?"
तीस हजार सहाशे चौदा.
चाळीस वर्षं मुनशीपुढे म्हटलेला, एका दमात.

पाच आकडे. चौकट लाल झाली: किमान आठ.
"कमी पडते का?"
तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट
हवेत कट्टे मोजत राहिलं.
"मंग हजार घाल पुढं. रोजच्या हजार होत होत्या.
आता नाही होत. पण घाल."

घातले.
तांबडा, पिवळा, हिरवा.
हिवराजच्या भुवयांवर पांढरी धूळ होती.
तो म्हणाला, जेवली का.
खिडकीपासून करंजापर्यंत वीस पावलं हवा,
तेवढ्यात ते दोन शब्द असे चुरून, कालवून गेले
की वाटेत कोणी झेलले असते
तर हाती भुसाच आला असता.

पोरं अजून लागलेली आहेत.
पोलीस भरतीच्या अभ्यासापुरता द्या म्हणाली,
मी म्हटलं, पाहते. अजून पाहतेच आहे.
गावाचं नाव टाकून झालं, देवांची झाली,
दुधरामभाऊंची जन्मतारीख, माझ्या नवऱ्याचं नाव,
माझं माहेरचं आडनावसुद्धा कुठून तरी काढलं.
सगळं त्याच ओट्यावर बसून.
सव्वानऊला ती येते,
पदरानं धूळ झटकते,
म्हणते, "सरक बापू थोडा."